ऑपरेशनला पाच लाख, चालायला शिकवायला कोणी नाही : नागपूर महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. आरोग्य अधिकारी,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय : वस्तीतल्या दवाखान्यांत ज्येष्ठांसाठी फिजिओथेरपिस्ट आणि चालण्याच्या वाटेवर बाक मिळण्याबाबत

महोदय,

मी ७१ वर्षांची आहे. एका महाविद्यालयात ३१ वर्षे ग्रंथपाल होते, आता त्रिमूर्तीनगरात राहते. हे पत्र कंबरेबद्दल आहे, आणि कंबरेतून पायात उतरणाऱ्या त्या दुखण्याबद्दल, ज्याला आपण सगळे सायटिका म्हणतो. आपल्याकडे रस्ते, गडरलाइन, कचरा, पाणी यांच्या तक्रारी रोज येत असतील. कंबरेची तक्रार घेऊन महापालिकेत कोणी येत नसेल. तरी माझं म्हणणं आहे की म्हाताऱ्या माणसाची कंबर हा महापालिकेचाच विषय आहे. तो कसा, ते सांगायला थोडी जागा लागेल. कृपया पूर्ण वाचावं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी कूलर भरत होते. मागच्या खोलीपर्यंत पाइप पोचत नाही, म्हणून बादलीने भरावा लागतो. उन्हाळाभर नागपुरात हे काम घरोघरी चालतं आणि बहुतेक घरी ते बाईच्याच वाट्याला येतं. तिसरी बादली वर उचलताना उजव्या कुल्ल्यात कळ उठली, मांडीच्या मागून खाली उतरली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने जाऊन पायाच्या अंगठ्यात थांबली. बादली सुटली. ह्यांनी येऊन धरेपर्यंत मी कूलरची जाळी पकडून त्या सांडलेल्या पाण्यात उभी होते, कारण पाय उचलायचीच भीती वाटत होती. कूलरचं बटण बंद होतं हे नशीब.

पहिले दहा दिवस आम्ही तेच केलं जे आपल्याकडे सगळे करतात. उसण भरली म्हणून शेजारच्या पायाळू मुलाकडून कंबरेला पाय लावून घेतला. गरम तेलाची मालिश झाली, शेक झाला, दुकानातून आणलेल्या गोळ्या झाल्या. आणि मी झोपून राहिले. शेकाने बरं वाटायचं, आजही वाटतं, त्यात काही वाईट नाही. झोपून राहणं मात्र मोठी चूक होती. दहा दिवसांनी उठले तेव्हा दुखणं तसंच होतं आणि वर मांड्यांतली ताकद गेली होती. तीन पोळ्या लाटल्या की बसावं लागे. एक गोष्ट तेवढी लक्षात आली होती : ओट्यावर कोपर टेकून पुढे झुकलं की पाय शांत होतो. याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

मग एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं नाव लिहिणार नाही, कारण हे एकट्याचं गाऱ्हाणं नाही. त्यांनी एमआरआय काढायला सांगितला. अहवालात एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली, मणक्यांची झीज, नसांची वाट अरुंद झालेली, असं बरंच काही होतं. ते वाचून मीच घाबरले. डॉक्टर म्हणाले, ‘‘गॅप आलाय, नस दबलीय, करून टाकू ऑपरेशन. वय वंदना कार्ड आहे ना?’’ सत्तरीच्या पुढच्यांच्या सरकारी उपचार योजनेचं ते कार्ड माझ्याकडे होतं. सगळं बोलणं दहा मिनिटांत उरकलं. तेवढ्या वेळात कोणी मला उभं करून पाहिलं नाही, चालायला लावलं नाही, पायाला हात लावला नाही.

भाचीने हट्ट धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनी एमआरआयचं पाकीट टेबलावर बाजूला ठेवलं. आधी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला. अंगठा वर ओढून धरायला सांगितलं आणि स्वतः खाली दाबून त्यातली ताकद पाहिली. पावलांवरची नाडी बोटांनी चाचपली. लघवी-संडासवर ताबा आहे का, मांड्यांच्या मधल्या जागी बधिरपणा आहे का, ते विचारलं. आणि शेवटी विचारलं, ‘‘काकू, दुखणं बसल्यावर वाढतं की उभं राहिल्यावर? पुढे वाकलं की बरं वाटतं का?’’ मला ओट्याची गोष्ट आठवली.

त्यांनी जे समजावलं ते मी नंतर वाचून पडताळलं. एवढी वर्षं पुस्तकांत काढल्यावर ती सवय सुटत नाही. सायटिक ही शरीरातली सगळ्यांत जाड नस. कंबरेच्या खालच्या मणक्यांमधून आणि त्रिकास्थीतून, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातून, तिची मुळं निघतात आणि कुल्ल्यातून पायात उतरतात. तरुण माणसात बहुधा मणक्यांमधली गादी बाहेर येऊन मूळ चिमटतं. अशा माणसाला बसल्यावर, वाकल्यावर, शिंकल्यावर जास्त दुखतं. उतारवयात बरेचदा वेगळं घडतं. झिजेमुळे हाडं आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध जाड होतात आणि नसांची वाटच अरुंद होते. अशा माणसाला उभं राहिलं, चाललं की पाय जड होतात, भरून येतात; बसलं किंवा पुढे झुकलं की वाट जराशी मोकळी होते आणि आराम पडतो. म्हणून ज्या आजोबांना शंभर पावलं चालवत नाही त्यांना सायकल मात्र मजेत चालवता येते. माझ्यात दोन्ही थोडं थोडं होतं.

आता एमआरआयबद्दल. कंबर दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन पाहणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली असते, काही दुखत नसतानाही. म्हणजे माझ्या वयाला स्वच्छ अहवाल येणं हीच नवलाची गोष्ट. केस पांढरे होतात तशा गाद्याही झिजतात. ‘गॅप आला’ हे दोन शब्दांत सांगून टाकलं की माणूस स्वतःला मोडका समजू लागतो, वाकायला भीतो, घराबाहेर पडत नाही, आणि त्या न हलण्यानेच दुखणं वाढतं. बाहेर आलेल्या गादीचा तुकडा शरीर बरेचदा आपोआप शोषून घेतं आणि सायटिकाचे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत बरेच सुधारतात, हे मला त्या पहिल्या दहा मिनिटांत कोणी सांगितलं नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या विरोधात मी नाही, हे इथेच स्पष्ट करते. माझ्या मावसदिरांची लघवी एका दुपारी अडली, पाऊल लुळं पडलं, बसायच्या जागेची संवेदना गेली. त्याच रात्री ऑपरेशन झालं म्हणून आज ते स्वतःच्या पायांनी शेतात जातात. लघवी-संडासचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, यात घरी शेकत बसायचं नसतं. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं असतं. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा पडल्यावर, बादली उचलल्यावर पाठीत अचानक असह्य कळ आली असेल, तर तेही थांबायचं नाही. आमच्या वयाच्या बायकांची हाडं ठिसूळ असतात. मणका दबून मोडतो आणि घरचे त्याला उसण म्हणून मालिश करतात.

पण ज्यांच्यात यातलं काही नाही, त्यांचं काय? अमेरिकेत नसांची वाट अरुंद झालेल्या, ५० वर्षांवरच्या १६९ जणांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली तो छापून आला. सगळ्यांनी ऑपरेशनला होकार दिलेला होता. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हालचालीत फरक नव्हता. पुरतं सांगायचं तर फिजिओथेरपीच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे व्यायामाने सगळेच सुटतात असं नाही. तरी आधी व्यायामाची संधी देऊन पाहणं शहाणपणाचं आहे, एवढं त्यातून मला नक्की दिसतं. ती संधीच आपल्या शहरातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांना मिळत नाही. याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

माझ्या कार्डाचंच बघा. आयुष्मान वय वंदना योजनेत ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली. चांगली योजना आहे, अनेकांचे प्राण तिने वाचतील. पण ते संरक्षण रुग्णालयात भरती झाल्यावर लागू होतं. मणक्याचं ऑपरेशन त्यात बसतं. आठवड्यातून दोनदा जाऊन खुर्चीवरून उठायला आणि चालायला शिकणं त्यात बसत नाही, कारण त्यासाठी कोणी भरती होत नाही. मग घरचे हिशेब करतात : ऑपरेशन फुकट आहे, व्यायाम विकत आहे. हिशेब चुकीचा नाही, योजना तशी आखलेली आहे. ती योजना बदलणं आपल्या हातात नाही, हे मला माहीत आहे. वस्तीतला दवाखाना मात्र आपल्या हातात आहे.

मी शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेले. तिथल्या मुलीने पहिल्या दिवशी एकही मशीन लावलं नाही. एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, ‘‘काकू, हात छातीशी बांधा आणि उठून दाखवा.’’ मला उठता आलं नाही. मी, जी शिडीवर चढून वरच्या फळीवरचे ग्रंथ काढायची, मला हात न टेकता खुर्चीवरून उठता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. तिने खुर्चीवर एक जाड उशी ठेवली, बैठक उंच केली आणि म्हणाली, ‘‘आता.’’ उठले. ‘‘दिवसातून तीनदा, पाच-पाच वेळा. पंधरा दिवसांनी उशी काढू.’’ बाविसाव्या दिवशी उशी निघाली.

तिने शिकवलेलं सगळं मिळून एका पानावर मावतं. पाठीवर झोपून गुडघे एकेक करून पोटाकडे घेणं. गुडघे वाकवून कुल्ले उचलणं. ओटा धरून टाचा उचलणं. बिछान्यातून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या जोरावर उठणं. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. अर्धी बादली, आणि तीही अंगाशी धरून. आणि चालणं, थांबत थांबत : पाय भरून यायच्या आधी बसायचं, दोन मिनिटांनी पुन्हा निघायचं.

मात्र हे पान माझं आहे, शेजारणीचं नाही, आणि हे नीट समजून घ्यावं ही विनंती. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने या शहराला विनामूल्य योग शिकवला, सकाळी सकाळी चटई घेऊन निघायची सवय लावली. नागपूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण भुजंगासनासारखं मागे झुकणं गादी सरकलेल्या एखाद्या माणसाला आराम देतं आणि अरुंद वाटेच्या माणसाचा पाय पेटवतं. पश्चिमोत्तानासनात पुढे वाकणं मला सोसेल, पण हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा मणका त्यात मोडू शकतो. बागेतल्या ग्रीन जिममध्ये कंबर गरागरा फिरवायची ती चकती असते. तिच्यावर ऐंशीचे आजोबा झटके देताना मी पाहते तेव्हा काळजात धस्स होतं. मोबाइलवरचा व्हिडिओ समोरच्याची कंबर पाहू शकत नाही. एकदा तरी जाणत्या माणसाने तपासून ‘तुम्ही हे करा, हे करू नका’ असं सांगावं लागतं, आणि पुढे दर पंधरा दिवसांनी पाहावं लागतं.

माझ्या घरून त्या रुग्णालयात जायला-यायला ऑटोचे चारशे रुपये लागत. गतिरोधकांवरचे आणि खड्ड्यांतले धक्के खात घरी येईपर्यंत पाय पुन्हा ठणकायला लागलेला असे. मेट्रोत बसले की धक्का नाही, स्टेशनवर लिफ्ट आहे. सुभाषनगरहून सीताबर्डीला मी आता बिनधास्त जाते. पण स्टेशनपर्यंतचं आणि स्टेशनपुढचं काय? सात आठवड्यांत मी सहा खेपा केल्या. माझी पेन्शन आहे म्हणून जमलं.

आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींना नाही जमलं. त्या बासष्ट वर्षांच्या आहेत, पाच घरची कामं करतात. मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, ‘‘बाई, तिथं जाऊन दिवस मोडते. रात्रभर पाय ठणकून राहते, हे खरं हाय. पन सकाळी एक गोळी घेतली का उतरते, मंग दुपारी दुसरी.’’ ती गोळी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची होती. वर्षभर, चिठ्ठीशिवाय, रोज दोन. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पायांवर सूज आली, रक्तदाब वाढलेला निघाला आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. या गोळ्या थोडे दिवस, पोट-मूत्रपिंड-रक्तदाब बघून डॉक्टरांनी दिल्या तर उपयोगी पडतात. वर्षभर पोट भरायचं साधन म्हणून त्या नाहीत. मावशींना कंबरेसाठी दवाखाना लांब पडला, आता मूत्रपिंडासाठी दर महिन्याला मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.

गोळ्यांचा विषय निघाला आहे तर आणखी एक. ‘नसांची गोळी’ म्हणून प्रीगॅबालिन सर्रास दिली जाते. मलाही दिली होती. २०१७ साली २०९ सायटिका रुग्णांवरच्या एका चांगल्या चाचणीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. मी रात्री बाथरूमला जाताना भिंत धरून जायची. आमच्या वयात एक पडणं म्हणजे खुब्याचं हाड. ती गोळी मनानेच एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करत न्यावी. पण कशासाठी चालू आहे, हे विचारायला लाजू नये. कण्याजवळ देतात ती स्टेरॉइडची सुई तीव्र कळ असताना काही आठवड्यांचा आराम देऊ शकते, तेवढ्या काळात माणूस व्यायामाला लागू शकतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, हे आधी सांगायला हवं. आणि पायाची प्रत्येक मुंगी सायटिकाची नसते. ह्यांचे तळवे बधिर व्हायचे, आम्ही कंबरेला दोष देत होतो. तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व अगदी कमी. बारा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आणि जेवण शाकाहारी, दोन्हींनी मिळून ते झालं होतं.

आता कंबरेच्या पट्ट्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तो सरकारी यादीत आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची आहे, आणि लंबर बेल्टही आहे. कमोड खुर्ची ही तर देणगी आहे. ज्याला उकिडवं बसता येत नाही त्यालाच तिची किंमत कळते. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक सूचना काढली, वयस्क माणसांचा वेगळा विचार करून. त्यात सर्रास पट्टे देऊ नका, ट्रॅक्शन (वजन टांगून ताण) देऊ नका, उपचाराची अल्ट्रासाउंड आणि विजेचा करंट देणारी यंत्रं वापरू नका, असं आहे. द्या काय, तर समजावून सांगणं, व्यायामाचा कार्यक्रम, काही हातांनी करायचे उपचार, मनाला आधार देणारे उपचार आणि गरजेपुरत्या दाहशामक गोळ्या. ती सूचना ठरावीक कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीची आहे. पण सायटिकाचाही विचार करणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या उपचारांच्या सूचना काढणाऱ्या संस्थेने २०१६ मध्येच पट्टा, ट्रॅक्शन आणि या यंत्रांबद्दल हेच सांगितलं होतं. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटली की लोकांना यंत्रच आठवतं. करंट लावला, वजन टांगलं, वीस मिनिटं झाली, पैसे दिले, घरी. म्हणून महापालिकेला मी यंत्रं मागत नाही. यंत्रं आली की ती चार महिन्यांत बंद पडतात आणि खोलीला कुलूप लागतं.

मी माणूस मागते आहे. आपले दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये सुरुवातीला एक फिजिओथेरपिस्ट नेमा. तो किंवा ती आठवड्याचे दिवस वाटून घेऊन झोनमधल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सकाळी बसेल. दहा माणसं, एवढंच. त्यांना लागेल एक खोली, हात टेकायचा कठडा असलेल्या आठ खुर्च्या, चटया आणि शक्य झालं तर एक जागच्या जागी चालवायची सायकल, जी पुढे झुकून चालवता येते. आपल्या शहरातल्या मेडिकलमध्येच, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच, फिजिओथेरपीचं शिक्षण मिळतं, खासगी महाविद्यालयंही आहेत, त्यांच्या मुलामुलींना इंटर्नशिप करावी लागते. त्यांना वस्तीत पाठवण्याचा करार करता येईल. पहिली तपासणी जाणत्याने करायची, धोक्याची लक्षणं असतील त्याला त्याच दिवशी पुढे पाठवायचं, बाकीच्यांना आठ-आठ जणांच्या गटात शिकवायचं. गटाचा फायदा मी पाहिला आहे. एकटी घरी करते ती बाई आठ दिवसांत सोडते. शेजारीण ‘काल आल्या नाहीत’ असं विचारते तेव्हा ती परत येते.

मे महिन्यात सकाळी सातनंतर आमच्या वयाच्या माणसाने रस्त्यावर चालू नये, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर सहानंतरही नको. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरतो. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने चालणं बंद. महापालिकेची समाजभवनं आणि शाळांचे मोठे व्हरांडे सकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात ज्येष्ठांना चालायला उघडे ठेवता येतील का? ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ते सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. ज्यांना हळूहळू वाढवत नेण्याचा चालण्याचा कार्यक्रम आणि मार्गदर्शन दिलं, त्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांची ११२ दिवसांत धरली. चालण्याने आणि मार्गदर्शनाने जवळपास दुप्पट दिवस सुखाचे गेले. त्यासाठी रस्ता हवा, उजेड हवा आणि मध्ये बसायला जागा हवी, आणि ही तीनही कामं आरोग्य खात्याच्या आधी बांधकाम खात्याची आहेत. सिमेंट रस्ता वर आला आणि आमच्या फाटकापुढे एक वीतभर पायरी तयार झाली. तरुण माणूस ती ओलांडतो तेव्हा त्याला ती दिसतही नाही. मी मात्र रोज फाटक धरून, चांगला पाय आधी ठेवून ती चढते.

माझं चालणं मी विजेच्या खांबांवर मोजते. मेमध्ये तीन खांब झाले की पाय भरायचा. तिसऱ्या खांबापाशी किराणा दुकान आहे, तिथले भाऊ न सांगता स्टूल बाहेर काढून ठेवत. गणपतीपर्यंत सातव्या खांबाला पोचले, तिथे देवळाचा कट्टा आहे. दिवाळीत अकरावा. अकराव्यापाशी एका बंद दुकानाची पायरी आहे, फार खाली आहे, उठताना त्रास होतो, पण आहे. आज मी न थांबता अकरा खांब चालते, ऑपरेशनाशिवाय. पाय अजून अधूनमधून बोलतो. नीट बसून घेतलं की गप्प होतो.

आमच्या वस्तीतला महापालिकेचा दवाखाना एकोणिसाव्या खांबाशी आहे. घरापासून साधारण अर्धा किलोमीटर. अकराव्या आणि एकोणिसाव्या खांबाच्या मध्ये बसायला काहीच नाही : पायरी नाही, कट्टा नाही, झाडाचा पार नाही. अकराव्यावरून निघाले की सतराव्याला माझा पाय हार मानतो आणि मी कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीवर वाकून उभी राहते. म्हणून मी अजून एकदाही त्या दवाखान्यात पायी पोचलेले नाही. मावशी पोचतील, पण तिथे त्यांच्या कंबरेकडे पाहणारं अजून कोणी नाही.

फिजिओथेरपिस्टच्या नेमणुकीला वेळ लागेल, ठराव लागेल, तरतूद लागेल, ते मी समजू शकते. त्यांच्यासाठी मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसकट व्यायामाची पानं तयार करायची असतील तर त्याचं काम मी विनामोबदला करून देईन. तेवढं मला येतं. बाक मात्र या महिन्यातही बसू शकतो. बैठक गुडघ्याच्या उंचीची असू द्या, फार खाली नको, आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला कठडा हवाच, नाहीतर बसलेला माणूस उठू शकत नाही. पंधराव्या खांबापाशी, नाल्याच्या झाकणाच्या अलीकडे, जागा आहे. दाखवायला मी येईन. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी अकराव्या खांबाच्या पायरीवर बसलेली असते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
त्रिमूर्तीनगर, नागपूर